वाडीतली मराठी शाळा की तालुक्याची इंग्रजी शाळा?

पहिलीत घालायचं मूल घरात असलं की सिंधुदुर्गातल्या घरांत मार्चपासून याच विषयाची चर्चा सुरू होते. हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा असते आणि सकाळी तिठ्यावर तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बसही येते. फी, इमारत, निकाल यांची तुलना सगळेच करतात. पण कुठल्या शाळेत गेल्यावर मूल स्वतःला कुठलं समजेल, हे फारसं कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

आधी सोबत्यांचं बघा. वाडीतल्या शाळेत बाकावर शेजारी बसणारा पोरगा संध्याकाळी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, भेटतो आणि भजनात झांजही तोच वाजवतो. बसने जाणाऱ्या मुलाचे मित्र पाच गावांत विखुरलेले असतात, रविवारी त्याला खेळायला कोणी नसतं. याचा परिणाम लगेच दिसत नाही, सातवी-आठवीत दिसतो. गणपतीत आरतीची मंडळी घरोघर फिरायला लागली की वाडीतली पोरं न बोलावता त्यांच्या मागे निघतात. बसचं मूल आपल्या घरची आरती झाली की ओटीवरच थांबतं. त्याला कोणी नको म्हटलेलं नसतं, पण त्याचा पाय निघत नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. इथल्या मराठी शाळांना गणपतीची वेगळी सुट्टी असते. जत्रेत रात्रभर दशावतार बघून आलेलं पोर दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगलं, तर गुरुजींना कारण सांगावं लागत नाही. सीबीएसईच्या शाळेचं नवं वर्ष एप्रिलात सुरू होतं, म्हणून वार्षिक परीक्षा बहुधा फाल्गुनातच येते. मग ऐन शिमग्यात मूल खोलीत पुस्तक घेऊन बसतं आणि रोंबाट, म्हणजे शिमग्यातली ढोल-सोंगांची मिरवणूक, दारावरून निघून जातं. अशी आठ-दहा वर्षं गेली की शिमगा त्याच्या लेखी मोठ्या माणसांचा होऊन बसतो.

भाषेच्या बाबतीत मात्र मराठी शाळेला आपोआप पैकीच्या पैकी गुण देऊ नका. ‘गुरुजी, माका पाणी व्हया’ म्हणणाऱ्या पोराला वर्गासमोर ‘नीट बोल’ म्हणून उभं केलं, तर घरची बोली हलकी आहे हे ते पहिलीतच शिकतं. चांगले गुरुजी आधी पाणी देतात आणि पुस्तकातली भाषा हळूहळू शिकवतात. म्हणून माध्यमाइतकंच महत्त्व शिक्षकाला द्या. इंग्रजी शाळेतही मराठी आहे. 2020 च्या कायद्याने ती राज्यातल्या सगळ्या शाळांत सक्तीची केली. पण ती एका तासापुरती उरली, तर सहावीतलं मूलही एसटीची पाटी अडखळत वाचतं. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत घरी कोकणी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलणारी मुलं असतात. दोन-तीन भाषांनी मूल बिथरत नाही. त्यातल्या एकीची लाज वाटायला लावली की बिथरतं.

इंग्रजी शाळेची एक बाजू मला मनापासून पटते. गावात सगळ्यांना सारखी जागा नसते. मानपान ठरलेले असतात आणि काही वाड्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पायरीच आली. तिथल्या आईबापांनी मुलाला चार गावांच्या मुलांत नेऊन बसवलं, तर त्यांना ‘संस्कृतीपासून तोडलंत’ म्हणण्याचा हक्क कोणाला नाही.

इतरांना मी हे सांगेन: पाचवीपर्यंत वाडीतली शाळा, पुढे सेमी-इंग्रजी हायस्कूल. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषाच सुचवतं. अशाने मुलं मागे पडतील, ही भीती धरू नका. कोकण विभागीय मंडळ 2012 पासून दहावीच्या निकालात राज्यात सतत पुढे आहे आणि त्यात गावोगावच्या मराठी हायस्कुलांचा वाटा मोठा आहे.

अट एकच, पट बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक हवेत. ते दोघं वर्षभर हजर असतात का, हे शेजारच्या पालकांना विचारा. सगळ्या वर्गांत मिळून पाच-सहाच मुलं असतील, तर शाळा वाडीत असूनही मूल एकटंच पडतं. मग जवळची केंद्रशाळा धरा.

आणि इंग्रजी शाळाच ठरली असेल, तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच्या रजेचं प्रवेश घेतानाच बोलून घ्या. घरात मालवणीच बोला, आणि गणपतीत आरतीची मंडळी पुढच्या घरी निघाली की पोराला बरोबर घेऊन तुम्हीही निघा.