वॅट विचारल्याशिवाय गेमिंग लॅपटॉप घेऊ नका

ठाण्यातल्या मॉलमध्ये जा नाहीतर वाशीला सेक्टर १७ मध्ये, काउंटरवरच्या गेमिंग लॅपटॉपला लावलेल्या कागदावर तीन गोष्टी ठळक दिसतात: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम. गेम कसा चालणार हे ज्या आकड्यावर ठरतं, तो त्या कागदावर सहसा नसतो. ग्राफिक्स कार्डला किती वॅट मिळतात, हा तो आकडा. पाऊण लाख ते सव्वा लाखाच्या टप्प्यात लॅपटॉप बघत असाल, तर पहिली चाळणी याचीच लावा.

एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, नाव एकच. पण लॅपटॉपमध्ये ते ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवायची मुभा एनव्हीडियाने कंपन्यांना दिली आहे, शिवाय डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरला नको असलेली वीज ग्राफिक्सकडे वळवण्याचे) २५ वॅटपर्यंत वेगळे. त्यामुळे सडपातळ लॅपटॉपमधलं ६० वॅटचं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं १४० वॅटचं ४०६०, दोन्हींच्या स्टिकरवर अक्षर न् अक्षर सारखं असतं. चिप तीच, ३०७२ कोअर तेच, पण एकीला पोटभर जेवण आणि दुसरीला अर्धपोटी ठेवलेलं.

आता जितके वॅट जास्त तितकं चांगलं, असंही सरसकट नाही. ४०६० आणि तिच्याखालची ४०५० या दोन्ही चिप शंभर वॅटच्या आसपास पोचल्या की त्यांची धाव संपत येते. पुढे चिपच्या व्होल्टेजची मर्यादाच आडवी येते. ७५ वरून १०५ वर गेलात तर फरक गेममध्ये जाणवतो. ११५ वरून १४० वर गेलात तर तो मोजायला बसावं लागतं. म्हणून १४० साठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही, पण ७५ चं यंत्र १०५ च्या भावात घेऊ नका.

२०२३-२४ च्या मॉडेलांमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. लेनोवो एलओक्यू १५ च्या इंटेल एचएक्स (जास्त ताकदीचा प्रोसेसर) आवृत्तीत ४०५० ला १०५ आणि ४०६० ला ११५ वॅट मिळतात. एसुस टफ ए१५ मध्ये ही कार्डं बूस्ट धरून १४० पर्यंत जातात. एचपी व्हिक्टस १५ आणि एसर नायट्रो व्ही १५ मधलं ४०५० मात्र ७५ वॅटचं. याचा अर्थ शेवटचे दोन टाकाऊ असा नाही. नुसतं व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला ७५ वॅट पुरून उरतात, कारण त्या गेममध्ये भार प्रोसेसरवर जास्त पडतो. मोठे, कथानकाचे, रे ट्रेसिंगवाले (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारे) गेम खेळायचे असतील तर या टप्प्यात आमचा कौल ४०६० च्या एलओक्यूला.

दुकानात विचारलंत, ‘दादा, ग्राफिक्स किती वॅटचं आहे?’ तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘सर, आठ जीबीचं आहे, सगळे गेम चालतात.’ हे उत्तर प्रश्नाचं नाही. विक्रेत्यावर चिडूही नका, त्यालाही हा आकडा कुणी दिलेला नसतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडा, खाली डाव्या कोपऱ्यात सिस्टिम इन्फर्मेशन आहे ते दाबा. उघडलेल्या यादीत मॅक्स ग्राफिक्स पॉवर असं लिहिलेलं असतं आणि समोर वॅटचा आकडा. दोन मिनिटांचं काम आहे, काउंटरवरच करा.

आठ जीबीचा मुद्दा वेगळा आणि तितकाच खरा. ग्राफिक्सची मेमरी ४ जीबी असेल तर आज नवीन लॅपटॉप म्हणून ते घेऊच नका. ६ जीबीवर १०८० रेझोल्यूशनला टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) मध्यम ठेवावं लागतं. काही गेमची किमान मागणीच आता ८ जीबीची असते. मेमरी अपुरी पडली की सरासरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) बऱ्या दिसतात, पण वळणावर किंवा नवीन भागात शिरताना चित्र क्षणभर गोठतं. तिथे वॅट कितीही असले तरी उपयोग नाही. २०२५ मध्ये आलेल्या एनव्हीडियाच्या ५० मालिकेत ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिन्ही लॅपटॉप कार्डांना ८ जीबीच आहे, १२ जीबी मिळते ती ५०७० टीआयपासून. म्हणून ५०६० आणि ५०७० च्या किमतीत मोठी तफावत असेल तर ५०६० घेऊन उरलेले पैसे रॅम आणि एसएसडीकडे वळवावेत. ५० मालिकेच्या जाहिरातीत दिसणारे चौपट फ्रेम हे मल्टी फ्रेम जनरेशनचे, म्हणजे एआयने मध्ये भरलेले असतात. त्यांनी चित्र गुळगुळीत होतं, पण बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. मुळातच तीसेक फ्रेम मिळत असतील तर असे फ्रेम वाढवूनही गेम हाताला जडच लागतो.

रॅममध्ये लोक जीबी बघतात, स्टिक किती हे बघत नाहीत. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर मेमरीची रुंदी निम्मी होते, आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये सगळ्यात संथ क्षणांचे फ्रेम दणकून पडतात. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथे स्लॉट्स यूज्ड समोर ‘२ पैकी १’ दिसलं तर किंमत ठरवताना दुसऱ्या स्टिकचे पैसे धरा. पूर्वी हे किरकोळ काम होतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की आधीपासून ८-८ च्या दोन स्टिक असलेला लॅपटॉप थोडा महाग पडला तरी परवडतो. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर पुढे काहीच करता येत नाही, तेही विचारून घ्या. एसएसडीचं थोडक्यात: ५१२ जीबी म्हणजे विंडोजमध्ये ४७६ दिसते, आणि हल्लीचा एकेक मोठा गेम शंभर-दीडशे जीबी खातो. दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) मोकळा आहे का आणि तो २२८० लांबीचा (८० मिमी) आहे की २२४२ चा (४२ मिमी), एवढं बघा.

स्क्रीनवर १४४ हर्ट्झ लिहिलेलं असतं, रंगांचं कुणी बोलत नाही. स्वस्तातल्या मॉडेलांत ४५ टक्के एनटीएससीचा पॅनेल येतो, म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६२ टक्के; पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची ही दोन मापं. ओळखायची सोपी खूण म्हणजे लाल रंग. स्क्रीनवर भडक लाल चित्र लावा आणि शेजारी चांगल्या फोनवर तेच चित्र धरा. लॅपटॉपवरचा लाल विटकरी किंवा नारिंगीकडे झुकला, तर पॅनेल ४५ टक्क्यांचा समजा. शोरूमच्या पांढऱ्या प्रकाशात २५० निटचा (निट हे उजेडाचं माप) पडदाही झकास दिसतो. घरात खिडकीपाशी बसलात की फरक कळतो. १०० टक्के एसआरजीबी आणि ३०० निट, याच्या खाली उतरू नये. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत पॅनेल वेगवेगळा असू शकतो, म्हणून नावावर न जाता खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून बघावं.

आता इथल्या हवेचं. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या वरच्या मजल्यावर किंवा घणसोलीत पश्चिमेच्या खोलीत एसी नसेल तर खोलीचं तापमान सहज ३३-३४ अंश असतं. परदेशी चाचण्या बहुतेक वेळा २२-२५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. खोली जितकी तापते, जवळपास तितकेच अंश चिपच्या तापमानात वाढतात. चाचणीत ७८ अंशांवर राहिलेलं ग्राफिक्स इथे ८७-८८ च्या दिशेने जातं, आणि साधारण त्याच हद्दीत ही चिप स्वतःचा वेग कमी करायला लागते. प्रोसेसर तर ९५-१०० ला टेकतोच. तेवढ्याने तो जळत नाही, पण पंखे किंचाळतात आणि कीबोर्डचा मधला भाग बोटांना चटका देतो.

यावर पहिला उपाय फुकट आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के. या एका टक्क्याने टर्बो बूस्ट (प्रोसेसरची जादा धाव) बंद होतो आणि प्रोसेसरचं तापमान १०-२० अंशांनी उतरतं. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये फ्रेम फारसे घटत नाहीत, कारण अडचण तिथे नसतेच. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये मात्र घटतात, तिथे १०० वरच ठेवा. दुसरा उपाय म्हणजे फ्रेमवर मर्यादा. १४४ मिळतात म्हणून १४४ हवेतच असं नाही. कथानकाच्या गेमला ६० किंवा ९० वर बांधलं की पंख्यांचा आवाज लगेच खाली येतो.

तिसरा म्हणजे मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणं. हवा खालून आत जाते आणि मागून-बाजूने बाहेर पडते. गादीवर किंवा उशीवर ठेवलात की खालची जाळी बंद, मग ११५ वॅटच्या कार्डाचं ७० चं होतं. बाजारातल्या निळ्या दिव्यांच्या कूलिंग पॅडने जो फरक पडतो, त्यातला बराचसा नुसत्या उंचीने पडतो. साधा धातूचा स्टँड पुरेसा आहे.

दमट हवेने लॅपटॉप थंड व्हायला त्रास होतो असा समज आहे, तो तितकासा बरोबर नाही. दमटपणाचा खरा त्रास धुळीशी आहे. बांधकामाची बारीक धूळ, कपड्यांचे धागे आणि ओलावा एकत्र आले की पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पात्यांवर नमद्यासारखी पट्टी जमते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत हवा जातच नाही. सहा-आठ महिन्यांनी खालचं झाकण उघडून ब्लोअर मारावा, पण मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने अडवून धरा. मोकळा पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. लॅपटॉपमध्ये थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) असेल तर हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा धातूचा भाग) स्वतः उचलू नका, सांडलेला थेंब बोर्ड शॉर्ट करतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतला थंड लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत काढून लगेच सुरू करू नये. अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा, नाहीतर आत दव धरतं.

चार्जरकडे विकत घेताना कुणी बघत नाही आणि घरी आल्यावर तोच अडवतो. काही लॅपटॉपसोबत जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग येतो, फ्रिज-गीझरला असतो तसा. अभ्यासाच्या टेबलापाशी तो पॉइंट नसतो. २३० वॅटचा चार्जर घेतो साधारण एक-सव्वा अँपिअर, त्यामुळे चांगल्या प्रतीचा तीन पिनांचा कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालवायला हरकत नाही. हरकत आहे ती दोन पिनांचा अडॅप्टर लावायला. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह नेहमी अर्थिंगला जात असतो. अर्थिंग नसलं की तो धातूच्या झाकणावर येतो आणि मनगटाला मुंग्या आल्यासारखं होतं. जुन्या वायरिंगच्या इमारतीत तीन पिनांचा पॉइंट असूनही आत अर्थिंगची वायर जोडलेली नसते. मुंग्या जाणवल्या तर दोष लॅपटॉपला देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट तपासून घ्या.

महावितरणने देखभालीसाठी लाइट घालवली तर बॅटरीवर गेम खेळू, हे विसरा. बॅटरी एका दमात तेवढा प्रवाह देऊ शकत नाही, म्हणून ग्राफिक्सचे वॅट निम्म्याच्याही खाली येतात आणि तासाभरात बॅटरी संपते. टफ ए१५ ला ९० वॉट-अवरची बॅटरी आहे, एलओक्यूला ६० ची; कॉलेजात नोट्स लिहिणाऱ्याला हा फरक मोलाचा, गेमरला नाही. ठाणे-पनवेल लोकलने खारघर-नेरुळच्या कॉलेजला रोज न्यायचा असेल तर वजनाचा हिशोब करा: लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलो, वर चार्जरची वीट पाऊण किलोच्या आसपास. टाइप-सीवरून चार्ज होणारं मॉडेल घेतलं तर १०० वॅटचा छोटा चार्जर बॅगेत आणि वीट घरी. पण टाइप-सीचं भोक आहे म्हणून चार्जिंग होतंच असं नाही. पॉवर डिलिव्हरी असा स्पष्ट उल्लेख हवा.

पैसे देण्याआधी सील समोर तोडायला लावा. डिस्प्लेला ठेवलेला पीस सवलतीत मिळाला तरी घेऊ नका, तो दिवसाचे दहा-बारा तास चालू असतो. विंडोज ११ होम सुरू करायला इंटरनेट लागतं, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर कोपऱ्यांतून प्रकाश गळतो का, पांढऱ्यावर मेलेला पिक्सेल दिसतो का, हे तिथेच बघायचं, कारण एकदा घरी नेलं की बहुतेक दुकानं सरळ सर्व्हिस सेंटरची वाट दाखवतात. वॉरंटी ऑनसाइट आहे की लॅपटॉप घेऊन जावं लागणार, हे लेखी विचारा. जीएसटीच्या बिलावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवा आणि तोच कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी दोन-तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर दुसरा डबा मागा.