कॅरिबियन मालकीची जहाज कंपनी अभ्यासायला घ्यायची, तर कोणती?

कॅरिबियन बेटांचा माल बहुतेक काळ परक्यांच्या बोटींतूनच हलला. स्थानिक मालकीच्या कंपनीवर प्रबंध लिहायचा, तर तीन नावं विचारात घेण्याजोगी आहेत: जमैकाच्या केळी बागायतदारांची कंपनी, अनेक सरकारांनी मिळून चालवलेली ‘विस्को’ आणि गयानाची खासगी ‘लापार्कन’. निवड करताना मी आधी एकच विचारेन, माल कोणाच्या हातात होता? जहाज कोणाचं, हे नंतर बघू.

1929 साली जमैका बनाना प्रोड्यूसर्स असोसिएशन ही सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा बेटावरच्या केळी व्यापारावर अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीची पकड होती. केळी नाशवंत. घड कापला की बोट वेळेवर लागलीच पाहिजे, त्यामुळे ज्याची बोट त्याचाच भाव. म्हणून बागायतदारांनी आपला माल संस्थेलाच देण्याचा करार केला आणि जोडीला स्वतःची जहाज कंपनीही काढली. युनायटेड फ्रूटने यावर जुनाच डाव टाकला: जास्त भाव देऊन सभासद फोडायचे. 1936 च्या चौकशी आयोगानंतर सहकारी रूप गेलं आणि संस्था साधी व्यापारी कंपनी झाली. ही हार की तडजोड? प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण इथेच बसलं आहे. मला स्वतःला ती हार वाटते, पण कंपनी जगली हेही खरं.

पुढे युद्ध आलं. ‘जमैका प्रोग्रेस’ आणि ‘जमैका पायोनियर’ ही तिची जहाजं जर्मन पाणबुड्यांनी 1940 मध्ये बुडवली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनने केळ्यांची आयातच थांबवली. एवढं होऊनही ती उरली. आजचा जमैका प्रोड्यूसर्स ग्रुप हा तिचाच वारस, आणि किंग्स्टन व्हार्व्ज या बंदर चालवणाऱ्या कंपनीत त्याचा मोठा वाटा आहे.

विस्को, म्हणजे वेस्ट इंडीज शिपिंग कॉर्पोरेशन, हिची कथा अगदी उलट. इथे जहाजं आधी आली. ब्रिटिश कॅरिबियन वसाहतींचं वेस्ट इंडीज संघराज्य 1958 मध्ये जन्मलं आणि 1962 मध्ये मोडलं. मधल्या काळात, 1961 मध्ये, कॅनडाने त्याला ‘फेडरल मेपल’ आणि ‘फेडरल पाम’ अशा दोन बोटी भेट दिल्या. राज्य गेलं, बोटी राहिल्या. जमैका ते त्रिनिदाद, वाटेतल्या लहान बेटांवर थांबत त्या माल आणि प्रवासी नेत राहिल्या. केबिनपेक्षा उघड्या डेकवरचे प्रवासी जास्त. विस्कोचं मुख्यालय त्रिनिदादला. पण ऊस आणि केळी पिकवणारी बेटं एकमेकांना विकणार काय? त्यांचा मोठा माल ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेकडे जायचा. जमैकाचं किंग्स्टन ते त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन हे अंतर सरळ रेषेतही अठराशे किलोमीटरच्या आसपास, आणि बोटीत पुरेसा माल नाही. तोटा मात्र सगळ्या सरकारांच्या माथी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाली. प्रादेशिक एकीचं राजकारण हा तुमचा विषय असेल, तर यापेक्षा चांगलं उदाहरण शोधत बसू नका.

लापार्कन 1983 ची, ग्लेन खान यांनी काढलेली. गयानाच्या बर्नहॅम सरकारने त्या काळात गव्हाच्या पिठासह कितीतरी वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली होती. टोरांटो-न्यूयॉर्कला गेलेले नातेवाईक घरच्यांसाठी पिंपं भरून तेल, साबण, कपडे पाठवायचे. ही पिंपं गोळा करायची, एकत्र करून रवाना करायची आणि पलीकडे पोहोचवायची, असा हा धंदा. त्याला स्वतःचा जहाजांचा ताफा लागत नाही, दुसऱ्याच्या बोटीत किंवा विमानात जागा घेतली की झालं. म्हणूनच लॉजिस्टिक्सच्या विद्यार्थ्याला हीच सगळ्यांत जवळची वाटेल. अडचण एवढीच की खासगी कंपनीचे हिशेब सहज हाती लागत नाहीत. पिंपं पाठवणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याची तयारी हवी.

वेळ थोडा असेल तर जमैका घ्या आणि विस्कोला तुलनेपुरतं एक प्रकरण द्या. लापार्कन तेव्हाच, जेव्हा टोरांटो, न्यूयॉर्क किंवा गयानाची राजधानी जॉर्जटाउनला तुमची ओळखीची माणसं असतील.