आमच्या गावचं उपकेंद्र: न्यूमोनियाची लस, ५ पैकी ४ स्टार

बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यात आमचं गाव, बहिणीच्या लेकराचं सगळं लसीकरण इथल्या उपकेंद्रातच चालूय म्हणून लिहिते. न्यूमोनियाची लस, म्हंजे पीसीव्ही, प्रायव्हेटमधी एका डोसला हजारो रुपये घेतात अन् इथं एक रुपया लागत नाही, २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे ती. दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला अन् नऊ महिने पूर्ण झाले की बूस्टर. फुकटची म्हणून हलकी असं बिलकुल नाही.

इथल्या सिस्टर नुसतं टोचून मोकळ्या होत नाहीत. उजव्या मांडीत पीसीव्ही, डाव्या मांडीत पेंटा, म्हंजे पाच रोगांवरची एकच लस, मग अर्धा तास तिथंच बसवतात अन् तेवढ्या वेळात आयांना श्वास मोजायला शिकवतात. लेकरू शांत पाहिजे, झोपलेलं असलं तर लईच बरं, झबलं वर करायचं अन् घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्याच्या आतल्याचे ६० भरले, वर्षाच्या आतल्याचे ५०, त्याच्या पुढं पाच वर्षांपर्यंत ४०, की घरी थांबायचं नाही, अन् श्वास घेताना छाती खालून आत ओढली जात असली तर मोजत पण बसू नका, सरळ दवाखाना गाठा. एक आजी म्हणाल्या पोट उडतंय तर बिब्बा लावू, त्यांना सिस्टर म्हणाल्या, "आजी, चटक्यानं लेकराचा श्वास सुधरत नाही, रात्री असलं तरी घेऊन निघा." मला हे फार पटलं.

अन् ऊसतोडीवाल्यांचं लक्ष ठेवतात! दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्यावर जातं, श्रावणात जन्मलेल्या लेकराचा साडेतीन महिन्याचा डोस नेमका तेव्हाच येतो. आशाताई दसऱ्याच्या आधीच घरोघर कार्ड बघून तारीख सांगतात, कर्नाटकात असलात तरी सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवा, डोस मिळतो म्हणतात. कोपीत, म्हंजे फडावरच्या झोपडीत, थंडी अन् चुलीचा धूर, त्या लेकरायला तर ही लस आधी पाहिजे.

एक स्टार कापला कारण बसायला सावली नाही, ओल्या बाळंतिणी उन्हात उभ्या राहतात, अन् मागं एकदा लस आलीच नव्हती तर कुणी कळवलं पण नाही, बायकायची मजुरी बुडाली. एक फोन केला असता तर भागलं असतं.

जाताना कार्ड विसरू नका, लेकराला सैल कपडे घाला. पेंटानं रात्री ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉल सिस्टरनी सांगितलं तेवढंच द्या अन् अंगावरचं दूध चालूच ठेवा.