झोपताना ज्यू आणि स्पॅनिश लोककथांची चित्रपुस्तकं : आठ महिन्यांनंतर

मुलगी साडेपाच वर्षांची आहे, आम्ही न्यू जर्सीला असतो. ऑक्टोबरपासून रात्री झोपताना हीच पुस्तकं चालू आहेत, आधी लायब्ररीतून आणली, दोनदा रिन्यू केली आणि शेवटी विकतच घेतली. पान इंग्लिश असतं, मी बघत बघत मराठीत सांगते, त्यामुळे कुठली गोष्ट तोंडात बसते आणि कुठली अडखळते ते आता चांगलंच कळलंय.

सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते सिम्स टॅबॅकचं 'जोसेफ हॅड अ लिटल ओव्हरकोट'. यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) गाण्यावरून केलेलं आहे, 2000 चं कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे अमेरिकेत चित्रपुस्तकांना देतात ते बक्षीस, मिळालेलं. कोट विरला की त्याचं जॅकेट, मग बंडी, स्कार्फ, टाय, रुमाल असं करत शेवटी एक बटण उरतं. पानांना खिडकीसारखी भोकं कापलीयत आणि पान उलटलं की कापड लहान झालेलं दिसतं, मूल स्वतःच ओळखायला लागतं आता काय होणार. आमच्या कॉपीची भोकं बोटं घालून घालून फाटली, टेप लावलीय. पहिल्याच रात्री म्हणाली, आई हे आजीच्या गोधडीसारखं आहे, मग गोधडी काढून कुठला तुकडा कुठल्या साडीचा ते बघत अर्धा तास गेला, झोप राहिली बाजूला.

मार्गोट झेमॅकचं 'इट कुड ऑलवेज बी वर्स' (1976) थंडीत वाचलं, तेव्हा सासूबाई-सासरे आले होते आणि घर वन बेडरूम. गोष्टीत गरीब माणूस एका खोलीत आई, बायको आणि सहा पोरांसोबत राहतो, गोंगाटाने वैतागून रब्बायकडे (ज्यूंचे धर्मगुरू) जातो, रब्बाय म्हणतात कोंबड्या घरात घे, मग बकरी, मग गाय. सगळी जनावरं बाहेर काढली की तीच खोली शांत वाटते. सासूबाईंना इतकी आवडली की नंतर रोज त्याच सांगायच्या, गिरगावातल्या चाळीतली माणसं त्यात घालून, आणि माझ्यापेक्षा फार छान सांगायच्या.

स्पॅनिशमधलं 'मेदिओ पोयितो', म्हणजे अर्धं पिल्लू, यावर मात्र जरा जास्त लिहायचंय. आल्मा फ्लोर आदाचं पुस्तक 1995 चं, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्ही एकत्र. एक पाय, एक पंख, एक डोळा असलेलं पिल्लू मेक्सिको सिटीला व्हाइसरॉयला (स्पेनच्या राजाचा तिथला प्रतिनिधी) भेटायला निघतं, वाटेत पाणी, विस्तव, वारा यांना मदत करतं, पुढे तेच त्याला वाचवतात आणि वारा त्याला उंच नेऊन ठेवतो, ते होतं वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा छपरावरचा कोंबडा. पण स्पेनमधलं जुनं रूप, फर्नान काबायेरो या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईंनी 19 व्या शतकात लिहून ठेवलेलं, त्यात हे पिल्लू गर्विष्ठ आहे, कोणालाच मदत करत नाही आणि पुढे पाणी भाजतं, विस्तव जाळतो, वारा फेकून देतो. जागा तीच, उंच टोकावर, पण कारण एकदम उलटं! मी दोन्ही सांगितली. तिने जुनी परत मागितली, कारण त्यात पाणी त्याला उलट बोलतं. मला वाटतं गोष्ट सौम्य करायला हरकत नाही, पण मागे एक पान देऊन मूळ कशी होती ते पालकांना सांगायलाच हवं.

एरिक किमेलचं हर्शेल आणि हनुकाच्या (ज्यूंचा दिव्यांचा सण) भुतांचं पुस्तक (1989) घ्या पण दिवसा वाचा, ट्रिना शार्ट हायमनची चित्रं जबरदस्त आहेत, मात्र भुतांच्या राजाने आमची एक रात्र घालवली. हर्शेल बिरबलासारखा डोक्याने जिंकतो. आता महिनाभर तेच पुस्तक, सकाळी दूध पिताना.

एकच खंत, मला मिळाली ती बहुतेक ज्यू पुस्तकं पूर्व युरोपातली, यिडिशवाली. 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू सालोनिका (आताच्या ग्रीसमधलं), इस्तंबूलला गेले, लादिनो ही जुन्या स्पॅनिशवरून आलेली भाषा बोलत राहिले, त्यांच्या गोष्टींतला जोहा म्हणजे आपल्या ओळखीचा मुल्ला नसरुद्दीनच. या वयाला चालेल असं जोहाचं चित्रपुस्तक अजून शोधतेय, कोणी वाचलं असेल तर नक्की कळवा.