फॅमरेटर: मायकोबॅक्टेरियाच्या फेजवर काम करत असाल तर वापराच

स्मेग्मॅटिस या मायकोबॅक्टेरियमवर (टीबीच्या जंतूच्या कुटुंबातला बॅक्टेरिया) काढलेल्या एका फेजचं अ‍ॅनोटेशन (जीन कुठे सुरू होतो, कुठे संपतो याची नोंद) करतोय, त्यामुळे गेले काही महिने रोजच फॅमरेटर उघडून बसतो, म्हणून म्हटलं लिहावं. फेज म्हणजे बॅक्टेरियाला लागण करणारे व्हायरस, आणि हे टूल त्यांचे जीनोम एकाखाली एक मांडून दाखवतं. फुकट आहे, पूर्वी लिनक्स लागायचं, आता ब्राउझरमध्येच चालतं.

प्रत्येक जीनोमची एक आडवी पट्टी, त्यावर प्रत्येक जीनचा एक डबा, उजवीकडे वाचला जाणारा रेषेच्या वर आणि डावीकडे वाचला जाणारा खाली. सारखी प्रोटीन बनवणारे जीन एका कुटुंबात टाकलेत, त्याला फॅम म्हणतात, प्रत्येक फॅमला आपला रंग, आणि ज्या जीनला कुणीच नातेवाईक नाही तो डबा पांढरा. दोन पट्ट्यांमध्ये डीएनए जुळतो तिथे रंगाची सावली येते, जांभळी म्हणजे फारच जवळचं, तांबडी होत गेली की नातं लांबचं.

खरी मजा बघायची तर एल५ आणि डी२९ हे दोन फेज शेजारी लावा. एल५ म्हणजे १९९३ मध्ये पूर्ण वाचला गेलेला पहिला मायकोबॅक्टेरियोफेज, ५२,२९७ बेस पेअरचा, आणि डी२९ आहे ४९,१३६ चा. दोघंही ए२ सबक्लस्टरमधले (सारख्या जीनोमच्या फेजचा गट) त्यामुळे बरंच काही जांभळं दिसतं, आणि मग उजवीकडे एका ठिकाणी एल५ मध्ये डबे आहेत आणि डी२९ मध्ये ते नाहीतच, साधारण ३,६०० बेसचा तुकडा उडालाय आणि नेमका त्यातच रिप्रेसर, म्हणजे पेशी फोडणारे जीन बंद ठेवणारा जीन, होता, एल५ चा जीन ७१. फेजचा डीएनए बॅक्टेरियाच्या डीएनएत घुसवणारा इंटिग्रेज आहे पण रिप्रेसर नाही, म्हणून डी२९ पेशीत गुपचूप राहूच शकत नाही, पेशी फोडूनच बाहेर येतो. पेपरमध्ये हे मी आधी वाचलं होतं पण चित्रात ती रिकामी जागा बघितली तेव्हा डोक्यात बसलं. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका केसमध्ये सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या १५ वर्षांच्या पेशंटला अ‍ॅबसेसस या मायकोबॅक्टेरियमच्या इन्फेक्शनसाठी तीन फेज दिले होते, त्यातल्या बीपीएस आणि झोईजे मधून रिप्रेसर मुद्दाम काढून टाकला होता, म्हणजे डी२९ मध्ये जे आपोआप झालंय तेच तिथे हाताने केलं.

आता जपून राहायच्या गोष्टी. नावापुढे ड्राफ्ट लिहिलेलं असेल तर ते जीन मशीनने ठरवलेत, कुणी तपासलेले नाहीत, त्यावर डोळे झाकून स्टार्ट साइट (जीन जिथून वाचायला सुरू होतो ती जागा) ठरवू नका. फॅम एक आहे म्हणजे स्टार्टही तोच असं नसतं. टेप मेझर (फेजच्या शेपटीची लांबी ठरवणारा जीन) हा बहुतेकदा सगळ्यात लांब डबा, शेपूट जितकी लांब तितका जीन लांब, म्हणून पटकन सापडतो, पण त्याच्या अलीकडच्या दोन जीनमध्ये बहुतेकदा फ्रेमशिफ्ट (वाचताना एखाद्या बेसने सरकणं) असतो आणि ऑटो अ‍ॅनोटेशनला तो कळत नाही, तिथे स्वतः सिक्वेन्स वाचावाच लागतो. शिवाय खूपशा डब्यांचं काम काय तेच कुणाला माहीत नाही, त्यात फॅमरेटरचा काही दोष नाही, विषयच अजून एवढाच पुढे आलाय. आणि हो, डेटाबेस अपडेट झाला की फॅमचे नंबर बदलतात, तेव्हा वहीत नंबरसोबत तारीख आणि डेटाबेसचं व्हर्जन लिहा.

नवीन असाल तर स्वतःचा फेज टाकायच्या आधी एल५ आणि डी२९ च्या खाली बीएक्सबी१ हा फेज लावा आणि तासभर नुसतं बघा. तो ए१ मधला, सावली लगेच तुटक होते, पण डबे बघत गेलात तर ओळखीचे रंग बऱ्याच ठिकाणी त्याच क्रमाने येतात, म्हणजे डीएनए लांब गेलाय तरी प्रोटीनचं नातं टिकून आहे, आणि मध्येच एखादा भलताच रंग घुसलेला दिसतो, तो कुठून आला ते शोधायला लागलात की मग उठवत नाही.