मारुती 800, 2004 मॉडेल : चार वर्षांचा अनुभव, अन् आमचे काकाजी अजून 800 च काऊन चालवतात

गाडी मारुती 800, बिना एसी, पांढरी, 2004 चं मॉडेल. 2021 मध्ये मोर्शीच्या एका रिटायर मास्तरांकडून 55,000 ला घेतली. माझ्या हातून 41,000 किलोमीटर झाले. वापर म्हणजे घर ते वावर, वावर ते वरुड मार्केट, लग्नकार्य, दवाखाना, महिन्यातून एखादवेळ अमरावती. कोणी जुनी गाडी घ्यायचा विचार करत असेल तर त्याला कामात पडेल म्हणून लिहून राहिलो, पण गाडीचं सांगायच्या आधी ती माझ्या दारात कशी आली ते सांगावं लागते.

2018 ला संत्र्याचा आंबिया बहार चांगला निघाला, भावही सापडला, अन् त्या भरात मी शोरूममधून 10 लाखाची नवी एसयूव्ही उचलली. 2 लाख रोख भरले, 8 लाखाचं लोन, 10 टक्के व्याज, 7 वर्षं, हप्ता 13,281. कागदावर मांडलं तर 84 हप्त्यात नुसतं व्याजच 3 लाख 15 हजाराच्या वर जाते, पण ते तेव्हा कोण मांडते. अन् खरं सांगतो, व्याजापेक्षा तारखेनं जास्त मारलं. हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला येते, आंबियाचा पैसा येते नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहार धरला असला तर फेब्रुवारी-मार्चात, मग मधल्या महिन्यात काय विकायचं? पुढच्याच साली फळगळ लागली, त्याच्या पुढच्या साली लॉकडाऊन, अन् मी हप्त्यासाठी उसनवारीवर आलो. 36 हप्ते भरून 2021 मध्ये गाडी 5 लाख 60 हजाराला विकली, लोन 5 लाख 23 हजार बाकी होतं, वरून फायनान्सवाल्यानं मुदतीआधी बंद करायचा चार्ज कापला, अन् हातात राहिले 11-12 हजार. पावणेसात लाख तीन वर्षात गेले. बायकोनं एक शब्द बोलून दाखवला नाही, ते जास्त लागलं.

विमा काढताना तो कागद नीट वाचला असता तरी समजलं असतं. गाडीची किंमत विम्यात कशी धरतात ते ठरलेलं आहे, सहा महिन्यात 5 टक्के घट, वर्षभरात 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 अन् पाचव्या वर्षी 50. म्हणजे लोनचे हप्ते अजून दोन वर्षं बाकी अन् गाडी अर्ध्यावर आलेली. संत्र्याचं कलम लावलं तर पाचव्या-सहाव्या वर्षी ते फळावर येते, अन् तेवढ्याच वर्षात गाडी अर्धी होते.

आता काकाजी. वडिलांचे चुलतभाऊ. घरच्या सगळ्यांच्या नावावर मिळून पन्नास एकरावर संत्रा आहे, वरुडला दुकानाचे गाळे भाड्यानं, जिनिंगमध्ये भागी. अन् दारात 2001 ची मारुती 800. तिची चाबी इतकी झिजली आहे की गाडी चालू असताना काढून खिशात घालता येते. ड्रायव्हरच्या सीटवर टर्किशचा टॉवेल, सीटखाली छाटणीची कैची अन् झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावायचा ब्रश, दार उघडलं की पहिले संत्र्याच्या सालीचा वास येते, मग पेट्रोलचा. बोअरची मोटर जळली तर हाच माणूस त्याच दिवशी नवी आणून टाकते, भाव विचारत नाही. ठिबकच्या नळ्या खराब झाल्या की पूर्ण प्लॉटच्या बदलते. आमच्या तालुक्यात पाणी इतकं खोल गेलं आहे की लोकांनी हजार हजार फूट बोअर मारले, त्यामुळं पाण्यावर पैसा घालताना त्यांचा हात कधी आखडत नाही. फक्त गाडी बदलत नाहीत.

एसयूव्ही विकली त्या आठवड्यात मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो अन् सरळ विचारलं, काकाजी तुम्हाले काय कमी आहे, तुमी काऊन नवी गाडी घेत नाही? ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "घेऊन दाखवू कोणाले? गावाले माहा सातबारा पाठ आहे."

तेव्हा मी हो म्हटलं अन् घरी आलो, पण ती गोष्ट मनात बसली. खेड्यात खरंच असं असते. कोणाकडं किती वावर, कोणाची विहीर आटली, कोणाचं सोसायटीचं कर्ज थकलं, हे चावडीवर सगळ्यांना माहीत असते. ज्याचं आहे ते माहीत आहे, ज्याचं नाही तेही माहीत आहे, तिथं गाडी काय वेगळं सांगणार? मी नवी गाडी घेतली तेव्हा लोकं माझ्याकडं पाहत नव्हते, माझे हप्ते मोजत होते. शहरात शेजारच्या फ्लॅटवाल्याचं नाव माहीत नसते, तिथं गाडी माणसाची ओळख करून देत असेल. अन् उलटं पाहा, बगीच्यातल्या फळाच्या सौद्यासाठी बाहेरचा व्यापारी येते तेव्हा काकाजींची 800 लिंबाखाली उभी असते, त्या गाडीवरून त्याला काहीच अंदाज लागत नाही, या माणसाला पैशाची घाई आहे की नाही ते समजत नाही. माझ्या वेळी त्यानं नवी गाडी पाहिली, हप्ता कधी असते ते बोलता बोलता काढून घेतलं, अन् त्याच तारखेच्या आधी येऊन भाव पाडून मागितला. मला द्यावा लागला.

पोरगा नववीत आहे, त्याला मी हे सांगितलं तर त्यानं मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवायला सुरुवात केली. आयकिया नावाची फर्निचरची मोठी कंपनी आहे, ती सुरू करणारे इंग्वार काम्प्राड, स्वीडनचे, ते 1993 ची व्होल्वो 240 जवळपास वीस वर्षं चालवत होते. मला आवडलं ते दुसरंच, आयकिया या नावातली पहिली दोन अक्षरं त्यांच्या नावाची अन् पुढची दोन त्यांच्या शेताची अन् गावाची आहेत, एल्मटारिड शेत अन् आगुन्नारिड गाव. वॉलमार्टवाले सॅम वॉल्टन 1979 ची फोर्ड पिकअप घेऊन फिरत, मागं शिकारीचे कुत्रे बसवत, ती गाडी आता त्यांच्या गावच्या म्युझियममध्ये ठेवली आहे. वॉरन बफे अजून 1958 मध्ये 31,500 डॉलरला घेतलेल्या घरात राहतात अन् गाडीही वर्षानुवर्षं एकच वापरतात. अन् आपल्याकडचं म्हणाल तर विप्रोचे अझीम प्रेमजी, ज्यांची कंपनी 1945 मध्ये खान्देशात अमळनेरला तेलाच्या धंद्यापासून सुरू झाली, ते कित्येक वर्षं फोर्ड एस्कॉर्ट अन् मग टोयोटा कोरोला वापरत होते. पोरगा म्हणे बाबा हे सगळे कंजूष आहेत का. मी म्हटलं नाही, यांचा सातबारा जगाले पाठ आहे.

सगळेच श्रीमंत असे नसतात, नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये उभं राहून पाहा, कोटीच्या गाड्या जातात अन् त्यातले बरेच खरोखरच पैसेवाले असतात. अन् जुनी गाडी चालवल्यानं कोणी श्रीमंत होत नाही, हे स्पष्ट सांगतो. काकाजींची गाडी बंद पडली तर ते फोन करून दुसऱ्याची बोलावतात, दुरुस्तीला 15,000 लागले तर खिशातून देतात. ज्याच्याकडं तेवढीही सोय नाही त्याला जुनी गाडी रडवते. म्हणून गाडी घेताना वर्षाला 12-15 हजार दुरुस्तीचे वेगळे काढून ठेवले नसतील तर हे वाचून भरीला पडू नका.

आता गाडी. 796 सीसी, तीन सिलिंडर. 1983 च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या ग्राहकाला चाबी दिली गेली अन् 2014 च्या जानेवारीत बनवणं बंद झालं, म्हणजे तीस वर्षं एकच गाडी लाखोंनी विकली गेली, त्यामुळं पार्ट आजही वरुडच्या कोणत्याही दुकानात भेटतात अन् ज्याला स्क्रू-ड्रायव्हर धरता येते तो मेकॅनिक ती खोलते. ॲव्हरेज मला 17-18 पडते. थर्ड पार्टी विमा 1000 सीसीच्या आतल्या कारला 2,094 रुपये, वर जीएसटी. क्लच प्लेट, टायर, बॅटरी, रेडिएटर, चार वर्षात सगळं मिळून 46,000 लागले, म्हणजे त्या एसयूव्हीचे साडेतीन हप्ते.

पण गाडीचं खरं काम पांदणीत दिसते. जुलैमध्ये आमच्या काळ्या मातीचा गारा झाला की चाकाला पोळीसारखा चिकटत जाते. एसयूव्ही एकदा रुतली तर शेजारच्याचा ट्रॅक्टर बोलावावा लागला अन् बंपर फाटला तो वेगळा. 800 चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, ती फसली की चार जणं उतरून ढकलतात अन् ती निघते. मागची सीट पाडली की संत्र्याचे क्रेट बसतात, फवारणीचा पंप बसते. बाभळीचे काटे दाराला ओरखडत जातात, मी काचही वर करत नाही.

अन् मायची एक गोष्ट सांगायचीच आहे. नवी गाडी होती तेव्हा एकदा पावसात तिला वावरातून घेऊन येत होतो, पाय चिखलानं भरलेले, तर मी तिला म्हटलं, माय पाय पेपरावर ठेव. तिनं ठेवले, अन् पूर्ण रस्ता गुडघे जवळ घेऊन अवघडून बसून आली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. काकाजींच्या गाडीत तोडणीच्या बाया बसतात, पाय धुवायला कोणी सांगत नाही, खाली गोणपाट टाकलेलं असते. आता माझ्याही गाडीत तेच गोणपाट आहे, अन् माय मागच्या सीटवर पाय पसरून बसते, वाटेत झोपून जाते.

ज्या गोष्टी नाहीत त्याही लिहितो. एसी नाही, अन् विदर्भात मे महिन्यात पारा 45 पर्यंत जाते म्हणजे दुपारी 12 ते 5 ही गाडी काढायचीच नाही, मी काढत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही. नव्या गाड्यांना एबीएस 2019 पासून अन् पुढच्या दोन एअरबॅग 2022 पासून सक्तीच्या आहेत, त्या सुरक्षेला पर्याय नाही. म्हणून समृद्धीवर ही गाडी नेऊ नका, हात जोडून सांगतो. तिथं 120 ची लिमिट, सिमेंटचा तापलेला रस्ता अन् हिचे 12 इंची टायर. नागपूर, मुंबई जायचं असेल तर आम्ही भाड्यानं गाडी करतो किंवा ट्रेननं जातो, काकाजीही तेच करतात. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल येते, त्यासाठी बनवलेल्या गाड्या 2023 पासूनच्या, जुन्या गाडीचे रबरी पाइप अन् सील लवकर जाऊ शकतात, तर घेतल्या घेतल्या पेट्रोलचे पाइप बदलून टाका. पायाखालचं मॅटिंग उचलून गंज पाहा, पत्रा बोटानं दबला तर गाडी सोडून द्या, इंजिन कितीही गोड चालो.

कागदपत्रांचं लक्षात ठेवा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी पासिंग, त्याची फी 2022 पासून 5,000 होती, ग्रीन टॅक्स वेगळा. 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारला ती 10,000 केली. माझी 2024 मध्ये झाली म्हणून वाचलो, आता 2029 ला.

हप्ता बंद झाल्यावर त्या पैशातून तीन एकरावर ठिबक झालं, उसनवारी सगळी फिटली. काकाजींच्या गाडीचं पासिंग 2026 मध्ये आहे. 10,000 भरतो म्हणाले, पत्र्याचं काम करून रंगही मारून घेतो म्हणाले, अन् गॅरेजवर जाऊन राहिलोच आहो तर माझ्या गाडीचे मागचे शॉकअप पण तेव्हाच बदलून घेऊ असं ठरलं आहे.