जवॉर्स्की की फर्नांडेझ: फिलिपिन्सचं बास्केटबॉल कोणापासून बघायला घ्यावं?

फिलिपिन्सच्या बास्केटबॉलमध्ये शिरायचं म्हटलं की रॉबर्ट जवॉर्स्की आणि रॅमन फर्नांडेझ ही दोन नावं हमखास पुढ्यात येतात. 1975 साली पीबीए (फिलिपिन बास्केटबॉल असोसिएशन) ही आशियातली पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा दोघेही टोयोटा संघात होते आणि क्रिस्पा संघाशी त्यांचं हाडवैर होतं. जुने सामने बघायला वेळ मोजकाच असेल आणि तुम्ही स्वतः खेळत असाल किंवा मुलांना शिकवत असाल, तर माझं मत फर्नांडेझला.

त्याची उंची सहा फूट चार इंच. सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, मानाने बेताचीच, आणि अंगकाठी सडपातळ. परदेशी धिप्पाड खेळाडूंपुढे नुसत्या ताकदीवर त्याचा निभाव लागला नसता, म्हणून तो डोक्याने खेळायचा. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) घेतला की तो गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या, हाती न सोपवता स्वतःच ड्रिबल करत पुढे न्यायचा आणि मुसंडी मारून आत शिरणाऱ्या सहकाऱ्याला नेमका पास द्यायचा. पळता पळता एका हाताने अलगद सोडलेला त्याचा शॉट तर पुन्हा पुन्हा बघावा असा. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या संघांतही सेंटरला साडेसहा फुटी मुलगा कुठून मिळणार? त्यांनी हाच खेळ बघावा. त्याच्या कारकिर्दीत 18,996 गुण, चार वेळा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), 19 विजेतेपदं. 1988 मध्ये प्युअरफूड्स या त्याच्या संघाने ऐन अंतिम फेरीत त्याला बाकावर बसवलं, तीही जवॉर्स्कीच्या संघाविरुद्ध. त्याच वर्षी तो सॅन मिगेल संघाकडे गेला, एमव्हीपी ठरला आणि 1989 मध्ये या संघाने वर्षातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या.

जवॉर्स्कीकडे एमव्हीपी एकच, 1978 चा. पण हा देश या खेळापायी एवढा वेडा का, हे समजून घ्यायचं असेल तर त्याला पर्याय नाही. 1985 मध्ये नॉर्दर्न सिमेंट संघाविरुद्ध कोपर लागून त्याचा ओठ फाटला. हॉस्पिटलमध्ये जाऊन नऊ टाके घालून घेतले आणि गडी सामना संपायच्या आत परत मैदानात! मागे पडलेल्या हिनेब्राने, म्हणजे त्याच्या संघाने, तो सामना जिंकला. हार न मानणारा संघ ही हिनेब्राची ओळख तिथून पक्की झाली, ती आजतागायत टिकून आहे. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत तो पन्नाशी ओलांडेपर्यंत उतरत राहिला. 1998 मध्ये सिनेटर म्हणूनही निवडून आला. त्याचा खेळ मात्र रांगडा आहे. त्यातून जिद्द घ्यावी, तंत्र शिकायला जाऊ नये.

तरीही मन ठरत नसेल तर 1989 चा ऑल-स्टार सामना आधी बघा. 1984 मध्ये टोयोटा संघ विकला गेला, तेव्हा फर्नांडेझ नव्या मालकाकडे गेला आणि जवॉर्स्कीने साफ नकार दिला. तेव्हापासून दोघांत अबोला. 1989 च्या या सामन्यात प्रशिक्षक बेबी दालुपान यांच्या ज्येष्ठांच्या संघात ते पुन्हा एकत्र आले. शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी असताना जवॉर्स्कीने सीमारेषेबाहेरून चेंडू फर्नांडेझकडे टाकला, आणि त्याने समोरच्या संघातल्या तरुण बेंजी पारासच्या हातांवरून बास्केट करून सामना 132-130 असा जिंकून दिला.